पूर्ण मजुरी, नाही तर विडा

आमचे एकोजीराव साच्यांना पॉलिश करतात. बाटल्यांची झाकणं, मोटारीच्या दिव्यांच्या काचा ज्या पोलादी साच्यांतून निघतात, ते साचे आतून घासून घासून आरसा करायचे. नोकरी कुणाचीच नाही. काम असेल तिथे पिशवी घेऊन जायचं. पिशवीत घासायचे दगड, हिऱ्याची पेस्ट आणि माझ्या जुन्या साड्यांच्या चिंध्या. चेन्नईतलं हे अख्खं अंबत्तूर त्यांना ओळखतं. मी सांगलीची, हे तंजावरचे मराठे. लग्नात यांचं बोलणं ऐकून माझी आई कानात म्हणाली होती, "अगं, जावई बखरीतून उठून आल्यासारखे बोलतात!"

माणूस सोन्यासारखा हो, पण हट्टी म्हणजे किती हट्टी! यांच्या वडिलांनी एक रीत घालून दिली. मजुरी घ्यायची तर पूर्ण. गिऱ्हाईक खरंच अडचणीत असेल तर नुसता विडा घ्यायचा, म्हणजे दोन पानं, सुपारी आणि वर एक रुपया. मधलं काही नाही. अर्ध्या दराचं नाव काढलं की यांच्या कपाळावर आठ्या.

यंदा मोटारवाल्यांच्या ऑर्डरी आटल्या. गल्लीतली यंत्रं निम्मा आठवडा बंद राहायला लागली. मी घरी ब्लाउज शिवते, तर माझ्याकडे येणाऱ्या बायकाही "अक्का, थोडं कमी करा ना" म्हणून गळ घालायच्या आणि मी मुकाट्यानं कमी करायची. काय करणार? लावण्याची, आमच्या लेकीची, कॉलेजची फी महिनाअखेरीला भरायची होती. नाही भरली तर परीक्षेला बसू देणार नव्हते.

नेमकं तेव्हाच अलमेलूनं यांना बोलावलं. ही बाई साच्यांचा छोटा कारखाना एकटीनं चालवते, आणि यांचं निम्मं काम तिच्याकडचंच. म्हणाली, "अण्णा, दर तीस टक्के कमी करा. माझा नाइलाज आहे."

"दर तोच," हे म्हणाले. "परवडत नसेल तर हातातला साचा विड्यावर करतो."

तिचं काम अडलं होतं. तिनं मान डोलावली. आणि आमचे राव आठवडाभर पाठ मोडून तो साचा घासून संध्याकाळी घरी आले ते पानं घेऊन!

"अहो, फीच्या खिडकीत पानं सरकवू का मी?" मी भडकलेच.

"जयंती, मी एकदा उतरलो की तोच दर होऊन बसतो. मग गल्लीतल्या बाकीच्या पॉलिशवाल्यांनी कुठं उतरावं?"

"त्यांची काळजी! आणि आपण काय हवा खायची?"

ती पानं मी खाल्ली नाहीत. यांनीच ती ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली.

महिना संपत आला. एका संध्याकाळी लावण्या सहज बोलल्यासारखं बोलली, "अप्पा, मी एक वर्ष थांबते ना. काय बिघडतं?" पोरीनं मान काही वर केली नाही. हे उठले, तोंड धुतलं, इस्त्रीचा शर्ट घातला.

"कुठं निघालात?"

"अलमेलूकडे. तीस टक्के कमी म्हणून सांगून येतो."

मी हेच तर मागत होते! पण दारातून बाहेर पडताना त्यांचे खांदे पडलेले. हाक मारावीशी वाटली. नाही मारली, फी दिसत होती डोळ्यांपुढे.

तासाभरानं आले ते हसत.

"जाहलं काय, माहीत आहे? ती मलाच रागे भरली!"

अलमेलूनं यांना खुर्चीवर बसूही दिलं नव्हतं. म्हणाली, "अण्णा, तुम्हाला विडा दिला त्याच दिवशी दर कमी करा म्हणून मागे लागलेल्या माझ्या मोठ्या गिऱ्हाइकाला मी सांगितलं, की माझा पॉलिशवाला फुकट करतो पण दर पाडत नाही, मग मी कशी पाडू? तो चिडला. निम्मी ऑर्डर काढून घेतली. पण उरलेल्या निम्म्या ऑर्डरीला पूर्ण भाव देतोय. आता तुम्हीच उतरलात तर मी त्याला कुठल्या तोंडानं नाही म्हणू?" आणि दोन साचे हातात दिले. कामं कमी, पण दर पूर्ण, वर थोडी उचल. फीचा पहिला हप्ता त्यात बसत होता, आणि कॉलेज हप्त्याला तयार झालं.

मला हसावं की रडावं कळेना. मेलं, रडूच आलं. मी फ्रिज उघडला. पानांच्या कडा काळ्या पडल्या होत्या, त्या कातरल्या, चुना लावला, सुपारी घातली. एक विडा यांना, एक मला.

"सुकलीत हो जरा."

"परवाइल्ले," म्हणजे असू दे, असं म्हणून त्यांनी विडा गालात धरला.

तेवढ्यात दारात शेजारची हरिप्रिया, ब्लाउजचं कापड घेऊन. "अक्का, या वेळी थोडं कमी..."

माझं तोंड विड्यानं भरलेलं. बोलता येईना. मी नुसतीच मान हलवली, आडवी.