घमेल्याखालचा पाऊस

सत्तरच्या दशकात मी अतिवृष्टीची आकडेवारी तपासत मंगरूळपीरकडच्या एका गावात गेलो. समुद्राची लाट असो की नाल्याचा पूर, आमच्या टोकाच्या घटनांच्या शास्त्राला सरासरीशी घेणंदेणं नसतं, सगळ्यात मोठा आकडा हवा असतो; बंधाऱ्यांची, पुलांची उंची त्यावरच ठरते. इथे मात्र गावाच्या नाल्यावरचा पूल वाहून गेला त्या दिवशीचा पाऊस जेमतेम नोंदलेला!

पर्जन्यमापक सांभाळणारा चौकीदार छाती फुगवून म्हणाला, "पाणी लय जोरात आलं का मी त्याच्यावर घमेलं झाकतो, साहेब. सरकारी यंत्र खराब नाही झालं पायजे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याच्या बांधकाम खात्यातल्या वरिष्ठांनी तर तपासणीत त्याची पाठ थोपटली होती, यंत्र नव्यासारखं ठेवलं म्हणून. आणि त्याच आकड्यांच्या भरवशावर ते नवा पूल जुन्याइतकाच बुटका बांधून मोकळे झाले होते.