ताइशा म्हणजे रुजू होणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय — ठाऊक नाही. पण आज बसलाच आहात समोर, तर ऐका.

एकोणनव्वद सालची गोष्ट. मी डोंबिवलीची, नुकतीच बी.कॉम. झालेली. दर रविवारी सकाळी ठाण्याला, नौपाड्यातल्या एका शाळेत जपानी शिकायला जायचे. बाक लहान मुलांचे, गुडघे वर यायचे. सर जपानला चार वर्षं राहून आलेले. शब्द उच्चारताना डोळे मिटून घ्यायचे.

माझ्या शेजारी हेमा बसायची. कोपरीत राहणारी, कोळ्यांची. पहाटे आईबरोबर मासळीच्या टोपल्या बाजारात पोचवायची, मग अंघोळ करून, ओल्या केसांची वेणी घालून वर्गाला हजर. वर्ग सुटला की आम्ही दोघी तलावपाळीला फेऱ्या मारत शब्द पाठ करायचो. दिसेल त्याला जपानी नाव द्यायचं — होडी, बदक, छत्री. एकदा भेळेवर अडलो. भेळेला काय म्हणायचं? हसून हसून कठड्याला टेकलो होतो. इतकं मोकळं मी नंतर कधी हसले का? आठवत नाही.

हेमा माझ्याहून पुढे होती. हे मान्यच करायला हवं. तिच्या कानावर शब्द एकदा पडला की जिभेवर तसाच उतरायचा. सर म्हणायचे, "हेमासारखं म्हणा." आणि माझ्या मनात काय यायचं? मासळी विकून आलेली ही, आणि मी हिच्यासारखं म्हणायचं? — हो, हेच यायचं. अगदी याच शब्दांत.

मग एका कारखान्यात जागा निघाली. जपानी लोकांशी नवा करार झालेला, ऑफिसात थोडंफार जपानी येणारी एक मुलगी हवी होती. एकच. सरांनी आम्हा दोघींची नावं दिली, आणि त्या रविवारी खास नोकरीचे शब्द शिकवले. मुलाखत म्हणजे मेन्सेत्सु. कंपनीत रुजू होणं — न्यूशा. कंपनी सोडणं — ताइशा.

नेमकी त्या दिवशी हेमा आली नाही. आई तापाने पडली होती, बाजारात तिलाच बसावं लागलं.

बुधवारी ती डोंबिवलीला आमच्या घरी आली. "मना तुझी वही दे ना गं, परवा मुलाखत हाय," म्हणाली. वही द्यायला काय हरकत होती? पण मी म्हटलं, माझं अक्षर लागायचं नाही, मी सांगते, तू लिही.

आणि मी सांगत गेले. बाकी सगळं बरोबर सांगितलं. फक्त —

न्यूशा म्हणजे कंपनी सोडणं, म्हटलं. ताइशा म्हणजे रुजू होणं.

चुकून नाही. तोंडातून निसटलं, असंही नाही. तिने मान वर करून विचारलं, "नक्की ना?" मी म्हटलं, "नक्की." तिने डोळे मिटून, सरांसारखंच, वाक्य म्हणून पाहिलं. ताइशा शिताई देस — मला ताइशा करायचंय. "छान वाटतं ना गं म्हणायला?"

मुलाखतीला आधी तिला बोलावलं. मी बाहेर बाकावर. आतून हसण्याचा आवाज आला — मोठा, बराच वेळ. ती बाहेर आली तेव्हा तिला वाटत होतं, आपलं बोलणं त्यांना आवडलं. माझा हात दाबून गेली.

मग मला बोलावलं. आत आपला मराठी साहेब हसून हसून डोळे पुसत होता. म्हणाला, "आधीची मुलगी म्हणते, मला तुमची कंपनी सोडायचीय! अजून धरली कुठे?" जपानी साहेब हसत नव्हते. त्यांनी शांतपणे विचारलं, ती तुमच्याच वर्गातली ना? तेव्हा तरी बोलता आलं असतं. मी काय म्हणाले? "हो, पण ती वर्ग बुडवते."

नोकरी मला लागली.

हेमाचं ते वाक्य कारखान्यातून सरांच्या कानावर गेलं होतं; पुढच्या रविवारी त्यांनी तिला तिची चूक सांगितली. ती माझ्याकडे वळली — मला वाटलं, आता संपलं. पण ती म्हणाली, "मीच उलटं लिवलं गं घाईत. तू बिचारी सांगत होतीस." मी म्हटलं, "होतं असं." त्यानंतर तिने वर्ग सोडला. जाताना स्वतःचा शब्दकोश माझ्या हातात दिला. "तुला लागंल."

लागला. अकरा वर्षं त्या ऑफिसात काढली, एकदा ओसाकाला जाऊन आले.

परत आल्यावर एकदा कोपरीच्या बाजारात ती भेटली. मासळीच्या पाटीमागे बसलेली, शेजारी शाळेच्या गणवेशातली लेक. मला पाहून उठलीच. लेकीला अभिमानाने सांगू लागली, "ही माझी मैत्रीण. जपानला जाऊन आली. मी पण शिकायला जायची हिच्यासंगं, पण माझं डोकं नाय चाललं त्याच्यात."

लेक माझ्याकडे बघत होती. मी तिच्या गालाला हात लावला आणि रिक्षा पकडली.

डोकं चालत नव्हतं? सबंध वर्गात हेमाचंच चालायचं. मला ते तेव्हाही माहीत होतं. तिला मात्र आजही माहीत नाही.