पाचवी जागा

बाईच्या नंबरावरून फोन आला की मी कधी 'हॅलो' म्हणत नसे. "कोणतं सस्तं झालं?" एवढंच विचारायचो. मग पलीकडून एखाद्या कादंबरीचं नाव यायचं, तिचा भाव किती उतरला ते यायचं, आणि 'सूट उद्यापर्यंतच आहे, गिऱ्हाईक सोड पण आधी हे घे' असा हुकूम सुटायचा. त्या दिवशी सकाळी मंगरूळपीरच्या माझ्या कापडाच्या दुकानात मी नुकताच उदबत्ती लावून गादीवर बसलो होतो. फोन वाजला, बाईचं नाव दिसलं आणि सवयीनं मी म्हणालो, "बोल, कोणतं सस्तं झालं?"  पलीकडून बाईच्या सुनेचा, स्मिताचा आवाज आला. "मामा... आई गेली."

आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. बाईचं खरं नाव कमल, पण त्या नावानं तिला हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. ती गेली तिला काही महिने झाले. दवाखाना, डायलिसिस, अकोल्याच्या फेऱ्या हे सगळं दोन वर्षं चाललेलं होतं, त्यामुळे धक्का बसला असं म्हणणं खोटं होईल. पण दुकानात बसल्या बसल्या दुपारी फोनकडे हात जातो आणि मग आठवतं... अजून जातो. बाईबद्दल लिहावं असं वाटलं ते दुःखापेक्षा एका पैजेमुळे. ती पैज मी हरलो, आणि ती कशी हरलो हे कोणाला तरी सांगावंसं वाटतं.

आमचं मूळ गाव इंझोरी. वडिलांचं किराणा दुकान होतं आणि पुड्या बांधायला रद्दी यायची. ती रद्दी फाडून ठेवण्याचं काम बाईकडे होतं आणि ते काम ती इतकं सावकाश करायची की वडील वैतागून जायचे. कारण उघड होतं. जुन्या मासिकांमधल्या क्रमशः कादंबऱ्यांची पानं ती वाचत बसलेली असे. गंमत अशी की जिथे गोष्ट संपायची ते पान नेमकं कोणाच्या तरी शेंगदाण्यांबरोबर गेलेलं असायचं. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर ती मला गोष्ट सांगायची आणि शेवट स्वतःच्या पदरचा जोडायची. तिच्या शेवटात घर सोडून गेलेलं माणूस नेहमी परत यायचं. मी लहान असूनही हुज्जत घालायचो. "कायले येईन ते वापस?" बाईचं उत्तर ठरलेलं होतं. "आपुन वाट पाहून राह्यलो ना त्याची, म्हणून."

लग्न होऊन ती कारंज्याला गेली. सासर धान्याच्या अडतीचं, माणसं देवभोळी आणि हिशेबी. तिथं तिनं एक व्रत घेतलं, परिग्रह परिमाण. म्हणजे संसारी माणसानं आपल्याजवळ किती वस्तू ठेवायच्या याची मर्यादा आपणच घालून घ्यायची आणि ती पाळायची. साड्या इतक्या, भांडी इतकी, दागिने इतके. आमच्या जैन समाजात पुष्कळ बाया हा नियम घेतात. बाईनं त्यात पुस्तकंही घातली. भिंतीतल्या कपाटाचा एक कप्पा, बस. नवं पुस्तक आलं की जुनं एखादं बाहेर. बाहेर पडलेलं पुस्तक मंदिराच्या वाचनालयात तरी जायचं, नाहीतर एसटीत शेजारी बसलेल्या बाईच्या मांडीवर. एका अनोळखी बाईला तर तिनं मंगरूळच्या स्टँडवर उतरता उतरता कादंबरी दिली होती, आणि वर दम दिला होता, "वाचजो, चुलीत घालू नको."

पुढे साखरेच्या आजारानं तिचे डोळे अधू केले. छापील अक्षर दिसेना. तिच्या मुलानं मोठ्या पडद्याचा फोन आणून दिला आणि त्यात अक्षर हवं तेवढं वाढवता येतं हे दाखवलं. बाईनं ते इतकं वाढवलं की एका पानावर जेमतेम चार ओळी मावत. ती मिनिटाला पान उलटायची. मी चिडवायचो, "बाई, तू कादंबरी वाचून राह्यली का दुकानाच्या पाट्या?" तिला काही फरक पडत नव्हता. तिच्या हाती खजिना लागला होता. लेखकाला जाऊन ठरावीक वर्षं झाली की त्याच्या पुस्तकांवरचा हक्क संपतो आणि ती सगळ्यांना मोफत वाचता येतात, हे तिला कळलं त्या दिवशी तिनं मला तीनदा फोन केला. सरकारी ग्रंथसंग्रहांच्या साईटवर जुन्या कादंबऱ्या तशाच ठेवलेल्या असतात. नवे लेखक तीन भागांतला पहिला भाग फुकट देतात, मिठाईवाला चव बघायला तुकडा हातावर ठेवतो तसा. दिवाळीत भाव पडतात, मार्चअखेर पडतात, आणि कधी कधी उगाच एखाद्या मंगळवारी दिवसभरासाठी पडतात. कोणतंही पुस्तक घेण्याआधी सुरुवातीची काही पानं नमुना म्हणून उघडून बघता येतात, तर बाई ती पानं अशी बघायची जशी भाऊजी अडतीवर पोत्यातून मूठभर तूर काढून तळहातावर पसरायचे. "भरड हाये," म्हणायची आणि सोडून द्यायची. मंदिरातून आल्यावर ओट्यावर बसून भाव तपासणं हा तिचा रोजचा क्रम झाला.

या सगळ्यात मीही ओढला गेलो, पण माझी तऱ्हा वेगळी. बाई वाचायची, मी भरायचो. फुकट दिसलं की घे. सूट दिसली की घे. उद्या वाचू, दुकान बंद झाल्यावर वाचू, सीझन संपला की वाचू. माझ्या फोनात किती कादंबऱ्या साठल्या होत्या हे मोजायचीही लाज वाटते. सुरुवातीला बाईचंही तसंच झालं होतं. कपाटाच्या कप्प्याचा नियम होता, फोनाचा नव्हता, त्यामुळे तिनं एका सणाच्या सवलतीत पोत्यानं भरावीत तशी पुस्तकं भरली. आणि मग तिला टोचणी लागली. चातुर्मासासाठी कारंज्याला एक माताजी, म्हणजे आमच्या साध्वी, आल्या होत्या. बाई मला घेऊन त्यांच्याकडे गेली, कारण फोन दाखवायला बरोबर कोणीतरी लागेल असं तिला वाटत होतं. मी मनातून हसत होतो. इ-पुस्तक हा परिग्रह आहे की नाही, हा प्रश्न घेऊन धर्मसभेत जाणारी माझी बहीण जगात एकटीच असणार.

माताजी हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "याला वजन किती?"

"काईच नाई, माताजी."

"जागा किती लागते?"

"नाई लागत."

"आणि मन किती वेळ तिथं असतं?"

बाईनं फोन पदराखाली घेतला. माताजी म्हणाल्या, मग मर्यादा तुमची तुम्हीच ठरवा. परतताना बाई कुठं थांबली नाही. ओट्यावर बसली आणि माझ्यासमोर एकेक पुस्तक काढू लागली. पाच ठेवली. त्या दिवसापासून फोनात पाच, सहावं घ्यायचं तर एक वाचून काढून टाकायचं. त्या पाचांतलं एक मात्र कायम असायचं. तिच्या तरुणपणी तिनं कप्प्यात जपलेली जुनी कादंबरी होती ती, फोनात मोफत मिळाली तेव्हा तिनं छापील प्रत वाचनालयाला दिली आणि ही ठेवली. दर वर्षी पर्युषणाचे उपास संपले की ती वाचायची. मी म्हणायचो, पाठ झाली असेल आता, काढून टाक. त्यावर ती नुसतं पान उलटायची.

आणि मग ती नावाड्याच्या लेकींची कादंबरी आली. तीन भागांची. पहिला भाग फुकट होता, दुसरा सवलतीत मिळाला. दोन बहिणी, नदी, आणि थोरली घर सोडून जाते. दुसरा भाग संपतो तेव्हा धाकटी घाटावर उभी आहे आणि नाव पाण्याच्या मध्यावर गेली आहे. बाईनं हा भाग डायलिसिसच्या खाटेवर वाचला, एका हाताला नळ्या आणि दुसऱ्या हातात फोन. संपल्या संपल्या तिथूनच मला फोन. "थोरली वापस येते पाय." मी म्हणालो, मुळीच नाही. लेखकानं नाव बुडवायची तयारी केलेली दिसते, नावाड्याला म्हातारा केलाय, येणार कशी? आमची इंझोरीची हुज्जत पुन्हा सुरू झाली, फक्त आता दोघांचेही केस पांढरे होते.

तिसरा भाग तेव्हा नवाच आला होता आणि त्याचा भाव चढाच होता. मी म्हणालो, मी घेऊन देतो. बाई ऐकेना. अडतीच्या घरात जन्म काढलेली बाई चढ्या भावात माल उचलत नाही, असं मी आधी समजलो आणि चिडलो. खरं सांगायचं तर घाबरलो होतो. अकोल्याच्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. थांबण्याइतका वेळ तिच्याकडे आहे का, हे तिला तोंडावर विचारता येत नव्हतं. मी आडून म्हणालो, "बाई, जीव का भावात अडकवून राह्यली?" तिनं माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं. म्हणाली, "भावात नाई रे. खाटेवर पडलं की दिवस सरत नाई. कशाची तं वाट पाह्यलेली बरी."

मधेच वाचणाऱ्यांच्या कुठल्याशा ग्रुपवर तोच तिसरा भाग कोणीतरी टाकला. चोरून बनवलेली प्रत होती, ज्याला हवी त्यानं उघडावी. बाईच्या फोनात ती येऊन पडली आणि माझ्याही. एका बोटाच्या अंतरावर शेवट होता. मला वाटलं, देवानंच धाडला. मी कारंज्याला पोहोचलो तोवर तिनं तो न उघडताच काढला होता. "हे चोरीचं हाये," म्हणाली. मी म्हणालो, "तू तं जन्मभर फोकटाचंच वाचून राह्यली!" यावर ती उठून बसली. त्या दिवसांत तिला उठून बसणं जड जायचं. "फोकट म्हणजे ज्याचं त्यानं देल्लं. हे कोणी देल्लं? त्या लिहिणाऱ्याले इचारलं का कोणी? तुयाही फोनातलं काढ. माया समोर काढ." काढलं. रागानं काढलं. आजही सांगतो, त्या क्षणी मला तिचा धर्म नको होता, तिला शेवट कळायला हवा होता.

माझा चेहरा बघून तिला हसू आलं असावं. तिनं पैज लावली. "थोरली वापस आली, तं तुया फोनातला सारा कचरा काढजो. पाच ठेवजो, बस."

"अन् नाई आली तं?"

"तं मी माया नियम मोडीन. तुले पायजे तेवढे भरून देजो."

तिनं नियम मोडण्यावर पैज लावली यावरूनच मी ओळखायला हवं होतं की तिला किती खात्री होती. ते आमचं शेवटचं भेटणं. निघताना मी चपला घालत होतो तेव्हा आतून म्हणाली, "भाव उतरला की फोन करीन." केला नाही... तिच्या नंबरावरून आला तो स्मिताचा.

सगळं आटोपल्यावर स्मितानं बाईचा फोन माझ्या हातात दिला. मी उघडून बघितलं तर आत चारच पुस्तकं. ती कायमची, दर वर्षी वाचायची, ती नव्हती. मी स्मिताला विचारलं. "आईनं सोताच काढलं, मामा. गेली त्याच्या हप्ताभर आधी. म्हणे, तिसरा भाग येईन, तं जागा पायजे न." तिचं सगळ्यात लाडकं पुस्तक तिनं काढलं होतं, अजून न घेतलेल्या पुस्तकासाठी. मी तिथंच, माणसांनी भरलेल्या त्या घरात, पहिल्यांदा रडलो.

स्मिता तो फोन बंद करू देत नव्हती. रोज चार्ज करायची. गेल्या महिन्यात दुपारी दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली, मी कापडाचं थान उलगडत होतो आणि फोन वाजला. बाईचं नाव. थान तसंच गादीवर टाकून मी फोन उचलला.  पलीकडून स्मिताच बोलली. "मामा, सस्तं झालं. तिसरा भाग. फोनावर आता आलं."

गिऱ्हाइकांना माझ्या मुलाच्या हवाली केलं आणि मिळेल ती एसटी पकडली. कारंज्याला पोहोचलो, बाईच्या ओट्यावर बसलो आणि तिच्याच फोनात तो भाग घेतला. पाचव्या जागेवर तो नीट येऊन बसला. अक्षर बाईनं ठेवलेलंच होतं, पानाला चार ओळी. कमी करायला माझं बोट गेलं आणि थांबलं. तसंच वाचलं. रोज दुपारी जाऊन वाचलं. स्मिता सोबत बसायची, तांदूळ निवडत ऐकायची, आणि वाचता वाचता मला मोठ्यानं वाचायची सवय कधी लागली ते कळलं नाही. चार ओळी, पान. चार ओळी, पान. बाई इतकी सावकाश का वाचायची ते त्या दिवसांत समजलं, आणि कधी नव्हे ते मी एक पुस्तक संपवलं.

नावाडी मेला. नाव कुजून काठाला पडली. माझंच खरं होणार अशा खुशीत मी होतो आणि त्या खुशीचीच भीती वाटत होती. शेवटाजवळ नदीवर पूल होतो. धाकटी आता म्हातारी झालेली, सवयीनं घाटावरच बसलेली, पाण्याकडे तोंड करून. आणि थोरली तिच्या पाठीमागून, पुलावरून, पायी चालत येते. मी वाचायचा थांबलो. स्मिता म्हणाली, "काय झालं, मामा?" मी फोन पालथा घातला आणि आतल्या तिच्या रिकाम्या खाटेकडे बघून म्हणालो, "बाई, आली वं. पायी आली."

मग तिथंच बसून माझा फोन काढला. फुकटातली, सवलतीतली, उद्या वाचू म्हणून घेतलेली, एकेक काढत गेलो. काही नावं तर कधी घेतली ते आठवेना. दिवस मावळायच्या आत जेवून घ्या म्हणून स्मिता दोनदा बोलवून गेली तरी काढतच होतो. शेवटी पाच उरली. मग आणखी एक काढलं.

सध्या माझ्याकडे चार आहेत.