मूलचा हेंचमन

शब्दाच्या मुळाशी सत्य असतं, हे वाक्य मी मूल गावच्या डाकबंगल्यात चौकशी अधिकाऱ्यांसमोर उच्चारलं आणि जाडजूड इंग्रजी शब्दकोश टेबलावर ठेवला. शेजारी माझे अशील, प्राथमिक शाळेचे काशीनाथ मास्तर, टोपी हातात घेऊन उभे होते. आरोप सिद्ध झाला तर त्यांची नोकरी जाणार होती. शेती नव्हती, घरी खाणारी तोंडं भरपूर.

स्वातंत्र्यानंतरची पहिली निवडणूक नुकतीच झाली होती. गावचे माजी मालगुजार, म्हणजे जमीनदार, भाऊसाहेब तीत पडले. त्यांनी इंग्रजीत अर्ज दिला, की मास्तर हे निवडून आलेल्या उमेदवाराचे ‘हेंचमन’ आहेत. सरकारी नोकरानं राजकारण करायचं नाही, असा नियम. तेव्हा एवढा एक शब्द पुरे होता.

मी सांगितलं, हा शब्द निघाला घोड्यावरून. जुन्या इंग्रजीत ‘हेंगेस्ट’ म्हणजे घोडा. त्याची निगा राखणारा तो हेंचमन. पुढे सरदाराच्या घोड्याबरोबर चालणारा मानाचा सेवक. पुढाऱ्याचा भलाबुरा हुकूम पाळणारा समर्थक, हा अर्थ फार नंतरचा; अमेरिकेच्या राजकारणात शब्द बदनाम झाला. मुळात खानदानी आहे.

साहेबांनी लक्षपूर्वक ऐकलं. “व्हेरी इंटरेस्टिंग. मास्तरांनी उमेदवाराचा घोडा धरला होता?”

“नाही, सर.”

“मग पुढे चला.”

पुढे गावचा कोतवाल आला, समोर खुर्चीत बसलेल्या भाऊसाहेबांचा साक्षीदार.

“शंकरपटाच्या नाटकात मास्तर मंचावरून त्या उमेदवाराचा जयजयकार करून राह्यले होते, साहेब. म्या सोता आयकलं.”

शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती. त्या झाल्या की रात्री नाटक असतंच.

“खरं आहे?” साहेबांनी मास्तरांना विचारलं.

“हो, साहेब. नाटकाले जो बक्षीस देते, त्याचं नाव मंचावरून घ्याच लागते. नाई घेतलं तं तो पुढच्या साली येत नाई.”

“नाव घेणं वेगळं, जयजयकार वेगळा.” साहेबांनी पेनचं टोपण काढलं.

मास्तर माझ्या कानाशी आले. “वकीलसाहेब, भाऊसाहेबायनं बी देल्लं होतं.”

उलटतपासणीत, म्हणजे समोरच्याच्या माणसाला प्रश्न विचारताना, उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारायचा नसतो. ‘माझं तर नावही घेतलं नाही,’ असं भाऊसाहेब म्हणाले असते, तर मास्तर संपले होते. पण पेन कागदाला टेकलं होतं.

“भाऊसाहेब, त्या नाटकाला आपणही बक्षीस दिलंत?”

“देल्लं म्हंजे? चांदीचा बिल्ला देल्ला! त्यानं काय, नारळ.”

“आणि जयजयकार झाला तो नारळाचा!”

भाऊसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. “काऊन? त्याले नुसतं ‘दिलदार’ म्हटलं. मले ‘गोरगरिबाचा राजा’ म्हटलं, घसा फुटेस्तोवर! सारा मंडप उभा राह्यला होता!”

कोतवाल छताकडे पाहू लागला.

साहेबांनी शांतपणे विचारलं, “म्हणजे मास्तर तुमचे हेंचमन?”

भाऊसाहेब खाली बसले. त्यांनी पाणी मागितलं.

आरोप सिद्ध झाला नाही. नोकरी राहिली. तेव्हापासून मी चौकशीला शब्दकोश नेत नाही. साक्षीदाराची स्तुती कोणी, कशी केली, तेवढं विचारून घेतो.

निकालाच्या लखोट्यात दुसराही एक कागद होता. प्रशासकीय सोयीसाठी मास्तरांची बदली सिरोंच्याकडे झाली होती. तिथल्या मुलांना मराठी येत नव्हती आणि मास्तरांना तेलुगू.