गॅसचा वास येतोय का कुणाला?

आमच्या टॉवरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दुपारी एक प्रश्न येऊन पडला: 'गॅसचा वास येतोय का कुणाला?' खाली मतदान. येतोय, येत नाही, नक्की सांगता येत नाही.

मी भांडुपला ऑफिसात होते, डबा धुऊन नुकतीच जागेवर येऊन बसले होते. बघता बघता 'येतोय'ला मतं पडायला लागली. एकाने गॅस गळती झाल्यास काय करावे असा सगळीकडे फिरून आलेला मेसेज टाकला, त्याला अंगठे आले. म्हणजे वास येतोय तर उठून बघावं, खिडक्या उघडाव्यात, शेजाऱ्याला हाक मारावी, हे सोडून माणसं मत देत बसली होती! मला हसूच आलं. मग कुणीतरी लिहिलं, 'बहुतेक चौथा मजला.'

माझं हसू तिथेच विरलं. चौथ्या मजल्यावर आमचं घर आहे आणि दुपारी घरात आई एकटीच असते. कानातलं मशीन काढून उशाशी ठेवते आणि गाढ झोपते.

मुलुंडला याच जागेवर आमची चाळ होती. वडील गिरणीत होते तेव्हापासूनची. चाळ पाडून टॉवर झाला, तेव्हा जुन्यांपैकी बहुतेकांनी खोल्या विकल्या आणि बदलापूर-विरारकडे गेले. आम्ही राहिलो. चाळीत दिवसा दार लावलेलं असलं की लोक विचारायला यायचे, काय झालं म्हणून. आता आमच्या मजल्यावर कोण राहतं, हे मलाही दारावरच्या पाट्या वाचून माहीत आहे.

आईला फोन लावला. नुसता वाजत राहिला. ग्रुपवर लिहिलं, 'आई घरात एकटी आहे, तिला ऐकू येत नाही. कुणीतरी प्लीज दार ठोठावा. बेल वाजवू नका.' लगेच उत्तरं आली. 'ओह नो.' 'कुठली विंग?' 'सेक्रेटरींना टॅग करा.' दोघांनी हात जोडले. जातो असं एकानेही लिहिलं नाही. उलट सहाव्या मजल्यावरून तक्रार आली, की कोणीतरी बाई दारं बडवत फिरतेय, सेल्सवाली दिसते, सिक्युरिटी काय करतेय? लोकांनी दुपारी झोपायचं की नाही?

माझं डोकंच फिरलं. इथे माझी आई आत पडलीय आणि यांना झोपेची पडलीय. तो मेसेज तसाच वर सरकवला आणि खाली धावत जाऊन रिक्षा पकडली.

रिक्षातून गेटवरच्या मोबाइलवर फोन करत होते. अखेर वॉचमनने उचलला.

"मॅडम, तुमच्याच दारात उभा आहे. तीन-चार वेळा बेल मारली, कोणी उघडत नाही ना."

"बेल मारू नको रे!" मी किंचाळले. "गॅस आहे आत, ठिणगी पडली तर वाट लागेल. हाताने ठोक दार!"

"हो हो मॅडम, सांगतो सुपरवायझरला."

"अरे, सुपरवायझरला काय सांगतोस?"

फोन कट झाला. रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता. त्याने रिक्षा पळवली. मी नुसती हात चोळत बसले होते. आई गेली असेल, असं मनात स्पष्ट शब्दांत येत होतं आणि ते थांबवता येत नव्हतं.

लिफ्टचं बटण दाबायची छाती झाली नाही. जिने चढून गेले, किल्ली लावली. दार उघडलं. वास होता, पण थोडा. खिडक्या सताड उघड्या होत्या. ओट्यावर दूध उतू गेलेलं, गॅस बंद केलेला. कॉटवर आई नव्हती. मशीन, मोबाइल, दोन्ही उशाशी तसेच.

तेवढ्यात वरून आवाज आला. सपाट पंजाने दारावर तीन थापा, मग जरा थांबून पुन्हा तीन. हा आवाज मी लहानपणापासून ओळखते. चाळीत आई असंच कुणाचंही दार वाजवायची.

सातव्या मजल्यावर ती एका बंद दारासमोर उभी होती. घामाने निथळत होती, तळवे लाल झालेले. मला बघून रडायलाच लागली.

"अगो, चपलां भायर आसत, म्हणजे माणसां घरात आसत. तरी एक पण दार उघडूक नाय. माका वाटला सगळी आत पडली."

वासाने तिला जाग आली होती. गॅस बंद करून, खिडक्या उघडून ती शेजाऱ्यांना सांगायला बाहेर आली, लाइट लावू नका म्हणून. तेवढ्यात वाऱ्याने मागे दार धाडकन लागलं, लॅच पडलं. मग एकेक दार वाजवत ती वर चढत गेली. दारामागे माणसं होतीच. भिंगातून बघत होती आणि ग्रुपवर लिहीत होती. तिला त्यांची चाहूल ऐकू येत नव्हती, म्हणून तिला ती सगळी मेलेली वाटली. आणि सेल्सवाली म्हणून जिची तक्रार झाली, तिच्यासाठीच मी जीव मुठीत धरून धावत होते, तो मेसेज वाचूनसुद्धा.

संध्याकाळी ग्रुपवर आलं, 'इश्यू सॉल्व्ह झाला आहे. सहकार्याबद्दल सर्वांचे आभार.' खाली टाळ्या. आईला वाचून दाखवलं. ती तळव्यांना खोबरेल लावत होती.

"माका काय झाला तर खयचा दार वाजवूचा गो?" तिने विचारलं.

मी आमच्या मजल्यावरची दारं एकेक करून मनात मोजली; आठवल्या त्या फक्त पाट्या.

तेव्हापासून ती दुपारी दारात चप्पल अडकवून दार उघडं ठेवून झोपते. सोसायटीने दोनदा कळवलं, सुरक्षेच्या दृष्टीने दार बंद ठेवावे. मी रोज जेवणाच्या सुट्टीत, तिने मशीन काढायच्या आत, फोन करते आणि विचारते, आई, दार लावलंस का? ती कधी हो म्हणते, कधी नाही म्हणते. दोन्ही वेळा मला घाबरायला होतं.