कडक भाकरीच्या घरातला सरडा

मुरुमच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत पार्वतम्माशी न भांडलेलं माणूस शोधायचं झालं, तर नुकतंच जन्मलेलं पोर शोधावं लागेल. तेही बारशापर्यंतच. नळाचं पाणी, दारापुढची नाली, भिंतीपलीकडं उडून गेलेलं लुगड्याचं टोक, तिला कारण कसलंही चालायचं. भिंतीपलीकडं तिची धाकटी जाऊ शिवलीला राहायची. सासरे गेल्यावर घराच्या मधोमध ती भिंत उठली. ती दोघींनी आपापल्या बाजूनं लिंपली, पण पाडायचं नाव कुणी काढलं नाही.

नवरा वारल्यावर पार्वतम्मानं कडक भाकरीचा धंदा मांडला. ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ थापायची, तव्यावरून काढून चुलीच्या आहारावर, म्हणजे निखाऱ्यांच्या धगीवर, उभी करून वाळवायची. मग ती दिवसचे दिवस टिकते. तुळजापूरला आलेले यात्रेकरू शेंगाच्या चटणीबरोबर ती गाठोड्यात बांधून नेतात. तिचं बघून शिवलीलानंही तोच धंदा काढला, आणि भांडणाला बारमाही कारण मिळालं. पण पार्वतम्माच्या भाकरीत खडा निघत नाही, किडा तर नाहीच नाही, हे तिचे दुश्मनही कबूल करत. म्हणजे अख्खी गल्लीच कबूल करायची.

एकदा मल्लिनाथ आडत्यानं दिलेल्या पोत्यात तिला एक सोंडा सापडला. सोंडा म्हणजे धान्यातला तो बारका तांबूस किडा. दुसऱ्या कुणी तो चिमटीनं उचलून फेकला असता. पार्वतम्मानं भर बाजाराच्या दिवशी ते पोतं हातगाड्यावर घालून नेलं आणि मल्लिनाथच्या पांढऱ्याशुभ्र गादीवर ओतलं. सोंडा कागदाच्या पुडीत वेगळा नेला होता, बघायला कुणी मागितला तर.

अशा बाईच्या दारात तिचा लेक राजशेखर पुण्याहून एक काचेची पेटी घेऊन उतरला. पेटीत सरडा. आपल्या बांधावरचा नव्हे, परदेशी जातीचा, गळ्याखाली काट्यांची दाढी असलेला, अजून वीतभरही न झालेला. पुण्याच्या घरमालकानं सांगितलं होतं की खोलीत एक तर तू राहा, नाही तर हे. राजशेखरनं हौसेनं घेतला होता, आता टाकून देववेना.

"अव्वा, थोडे दिवस ठेव. दुसरी खोली मिळाली की नेतो."

"आरं, कुत्रं आणलं असतंस तर दारात बसलं असतं. मांजर आणलं असतंस तर उंदीर खाल्लं असतं. हे काय करतंय?"

"काय करत नाही. नुसतं बसतंय."

"मग तुझ्या बापाची जागा भरली म्हणायची."

पेटी उचल आणि चालू लाग, असं ती म्हणणारच होती. तेवढ्यात भिंतीवरून शिवलीलाचं डोकं वर आलं. तिच्या बाजूला उलटी घातलेली बादली कायम असायची, वर चढायला.

"अक्का, असलं जनावर घरात घेऊ नका बरं. लिंगाची पूजा व्हती तिथं. लोक काय म्हणतील?"

आता हे वाक्य पार्वतम्माच्याच तोंडात होतं. शिवलीलानं ते आधी उच्चारलं आणि सरड्याचं नशीब फळफळलं.

"लोक म्हंजे कोण, तू?" पार्वतम्मा म्हणाली. "राजशेखर, पेटी आत घे. चुलीच्या अंगाला ठेव. पाव्हणा हाय आपला."

त्या दिवसापासून त्याचं नाव पाव्हणाच पडलं.

राजशेखर जाताना सांगून गेला: ऊब पाहिजे, रोज ऊन पाहिजे, आणि हा पाला खातो. उबेला चूल होतीच. उन्हाला ती पेटी अंगणात ठेवून शेजारी काठी घेऊन बसायची, मांजरासाठी आणि शिवलीलासाठी. खाण्याला तिनं मेथी निवडली, शेवग्याचा कोवळा पाला तोडला, लाल भोपळा किसला. त्यात कांदा-लसूण नव्हता हे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. "आपल्यातलाच हाय. शुद्ध शाकाहारी. काही माणसांपेक्षा बरा." काही माणसं कोण, ते विचारायची गरज नव्हती. शिवलीलाचा धाकटा सोलापुरात हॉटेलात अंडाबुर्जी खाताना कुणीतरी बघितला होता, आणि ते कुणीतरी परतीला पार्वतम्माच्याच बसमध्ये बसलं होतं.

पाव्हण्याशी मात्र तिचं पटलं नाही. हात आत घातला की तो दाढी फुगवून कोळशासारखी काळी करायचा. "मला डोळे वटारतोस? माझं खाऊन?" असं म्हणून ती पाल्याचं ताट त्याच्यापुढं आदळायची. तो खायचा नाही. भोपळ्याचा एखादा कीस चाटायचा आणि तोंड फिरवायचा. हळूहळू त्यानं दाढी काळी करणंही सोडलं. एके दिवशी तिनं झाकण काढलं तर त्यानं पुढचा एक पाय वर उचलला आणि सलाम केल्यासारखा सावकाश हलवला.

पार्वतम्मा थबकली. या गल्लीत तिच्यापुढं हात वर केलेला हा पहिलाच जीव होता. तिनं लगेच राजशेखरला फोन लावला.

"त्याचा अर्थ, मी लहान हाय, मला मारू नका," राजशेखर म्हणाला. मग त्यानं विचारलं, "अव्वा, तो बारीक झालाय का?"

"पोट पाठीला लागलंय. शेपटीची हाडं दिसाय लागलीत. पाला कोण खातंय?"

 मग तिकडून एकदम सगळं आलं. मोठा झाला की तो पाला खाईल, पण लहानपणी त्याला किडे लागतात. अळ्या लागतात, रोज. तसं आधीच सांगितलं असतं तर तू मला पेटीसकट हाकललं असतंस, म्हणून सांगितलं नाही.

"अजून बी हाकलते," पार्वतम्मा म्हणाली. "तू ये तर खरं." आणि फोन ठेवला.

सकाळी अंघोळ करून, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन ती पूजेला बसली. बेल वाहिला, विभूती लावली, पण डोळे पेटीकडंच. पाव्हणा पोटावर पसरला होता, डोळे मिटलेले. तिकडून शिवलीलाची बादली वाजली.

"अक्का, म्हटलं नव्हतं का? मरतंय ते. पुरायला जागा नसंल तर सांगा, आमच्या परसात हाय."

पार्वतम्मानं उत्तर दिलं नाही, आणि गल्लीला कळलं की प्रकरण गंभीर आहे. पूजा उरकून ती पेटीपाशी वाकली. "मरायचं असंल तर त्या शिवलीलाच्या दारात जाऊन मर," ती हळूच म्हणाली. "माझ्या चुलीपाशी मरायचं न्हाय. सांगून ठेवते." मग पदर खोचला आणि थेट बाजाराची वाट धरली.

मल्लिनाथ गादीवर बसला होता. तिला बघून तो उठून उभा राहिला. आदरानं नव्हे, गादी वाचवायला.

"या पार्वतम्मा. आज काय परत आणलं?"

"न्यायला आलेय. किडलेलं काय हाय का?"

"ऐकू नाही आलं."

"किडलेलं. अळ्या पडलेलं. हाय का?"

मल्लिनाथनं पोती वाहणाऱ्या हमालांना हात करून थांबवलं. "जरा सगळ्यांना ऐकू जाऊ द्या. माझ्या दुकानात किडलेला माल कुठून येणार?"

"तुझ्या गादीवर पुन्हा पोतं ओतू म्हणतोस काय? तुझ्याच दुकानात मिळंल म्हणून तर सगळी पेठ सोडून हितं आले."

हमाल हसले. मल्लिनाथही हसला, पण दात दाखवण्यापुरतं. मागच्या गोदामातून त्यानं गव्हाच्या कोंड्याचं एक जुनं पोतं ओढून आणवलं. वरूनच वळवळ दिसत होती. "असंच न्या. फक्त एक करा. भाकरीच्या गिऱ्हाइकांना सांगा, माल मल्लिनाथकडचा हाय."

पार्वतम्मानं ते पोतं स्वतः डोक्यावर घेतलं. भर पेठेतून, हमालांच्या समोरून. तिच्या आयुष्यात तिनं मान खाली घातलेली कुणी बघितली असेल तर त्या दिवशी, तीही ओझ्यामुळं, असं ती सांगते.

कोंडा घरात आणणं शक्य नव्हतं. परसातल्या जुन्या न्हाणीत तिनं तो पत्र्याच्या डब्यात भरला, वर फडकं बांधलं. डाव्या हातावर लिंग धरायचं, म्हणून अळ्या उजव्या हातानं, त्याही चिमट्यानं. तो चिमटा न्हाणीतच टांगायचा, आणि परत येताना हातपाय धुऊन, लुगडं बदलून चुलीपाशी बसायचं. पहिली अळी तिनं पाव्हण्याच्या तोंडापाशी धरली आणि स्वतः मान फिरवली. काही झालं नाही. मग चिमट्याला हिसका बसला. वळून बघते तर चिमटा रिकामा.

"खा, मेल्या," ती म्हणाली. "धरम बुडवलास माझा. आता निदान पोटभर तरी खा."

पण भिंतीपलीकडची बादली रिकामी नव्हती. शिवलीलानं डबा बघितला, फडक्याखालची वळवळ बघितली, आणि आठवड्याच्या बाजाराला ही बातमी पार्वतम्माच्या आधी पोचली. पार्वतम्मा किडलेला कोंडा मुद्दाम विकत आणते. त्याचं पीठ भाकरीत जातं. मल्लिनाथला विचारा. मल्लिनाथला लोकांनी विचारलं, आणि त्यानं नुसते खांदे उडवले, ज्यानं जास्त काम झालं.

दुसऱ्या सकाळी तुळजापूरचा दुकानदार अमरनाथ स्वतःच टेम्पो घेऊन आला. दोन्ही जावांचा माल त्याच्याच दुकानात जायचा. पार्वतम्मा नुकतीच पूजेवरून उठली होती, पाव्हण्याचं खाणं अजून व्हायचं होतं.

"काकू, माझं गिऱ्हाईक देवीचं," अमरनाथ उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "भाकरीत अळी निघाली तर माझं दुकान बसंल. आजपासून तुमचा माल बंद. सगळा शिवलीला काकूंकडून घेतो."

बादली वाजली. शिवलीला भिंतीवर नुसती दिसली. गल्लीतली बाकीची तोंडंही दारांत उगवली. एवढी मोठी संधी पुन्हा येणार नव्हती.

पार्वतम्मानं चुलीशेजारची पेटी उचलून ओट्यावर उन्हात आणली. "अमरनाथ, तू तुझ्या हातानं माझ्या कणगीतली ज्वारी सुपात घे. पायजे तिथनं घे, तळातनं घे. तिच्या घरातली बी घे. ह्याच्यापुढं टाक. ह्याला हलणारा किडा दिसला की हा सोडत न्हाय. माझ्या ज्वारीत ह्यानं एकदा जरी जीभ काढली, तर मी चूल विझवते."

"असलं काय असतंय व्हय," शिवलीला भिंतीवरून म्हणाली.

"का गं, तुझ्या घरात येऊ द्यायला भ्यालीस?"

सगळी गल्ली ऐकत असताना नाही म्हणणं शिवलीलाला जमलं नाही. अमरनाथ आधी पार्वतम्माच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून तळातली ज्वारी घेऊन आला. दाणे पेटीत ओतले. पाव्हण्यानं मान तिरकी केली. एका डोळ्यानं दाणे बघितले. एक पाऊल पुढं टाकलं. पार्वतम्माची बोटं गळ्यातल्या लिंगाकडं गेली आणि तिथंच राहिली. पाव्हण्यानं अजून एकदा बघितलं, मग उन्हाकडं पाठ करून बसला, जणू त्याला फुकट उठवलं होतं.

दाणे काढले. मग शिवलीलाची ज्वारी पडली. ती पुरती पसरलीही नव्हती की जीभ बाहेर आली. आत गेली. पुन्हा बाहेर आली. पाव्हणा दाण्यांतून असा पळत सुटला की काचेवर खडखड वाजलं.

अमरनाथनं खाली वाकून बघितलं. एक सोंडा काचेवर चढत होता, तोही गेला.

"आवं, मागच्या हंगामातली ज्वारी हाय ती," शिवलीला म्हणाली. "कुणाच्या घरात नसतंय?"

"माझ्या," पार्वतम्मा म्हणाली.

अमरनाथनं टेम्पोत भाकऱ्या भरल्या, फक्त एका घरातल्या. मल्लिनाथचा कोंडा संध्याकाळीच उकिरड्यावर गेला, कारण पाव्हण्याच्या खाण्यासाठी आता लांब जायची गरज नव्हती. शिवलीला रोज ज्वारी पाखडते, आता जरा जास्तच पाखडते, आणि पाखडण, म्हणजे सुपातला कचरा नि किडे, निघाली की पार्वतम्मा भिंतीपाशी जाऊन, स्वतःच्या बाजूनं बादली उलटी घालून चढते आणि डबी पुढं करते.

"शिवलीला, टाकू नकोस गं. पाव्हणा तुझ्याच जीवावर जगतोय."

शिवलीला डबीत काही टाकत नाही. ती भिंतीवरून पाखडण उधळते, अर्धी पार्वतम्माच्या डोक्यावर. तेवढी पुरते.

पाव्हणा आता हातभर झालाय. राजशेखरला पुण्यात नवी खोली मिळाली, तो न्यायला आला होता. पार्वतम्मानं त्याला चहा दिला आणि बसस्टँडची वाट दाखवली. पाव्हणा हल्ली तिला हात वर करून दाखवत नाही. तिनं पेटी उघडली की दाढी फुगवून कोळशासारखी काळी करतो आणि अंगावर येतो.

"बघा," ती दारात उभ्या असलेल्या कुणालाही सांगते, "लागला की नाय घरच्यासारखा वागायला."