आठ मिनिटं आणि अकरा फ्रीज

ओल्गिन शहरातल्या एलिएसेर बातिस्तानं आयुष्यात दोन गोष्टी मन लावून केल्या. रेडिओच्या कारखान्यात सव्वीस वर्षं नोकरी, आणि काळजी. कारखाना बंद पडला, काळजी मात्र चालूच राहिली. आता तो चाळीतल्या आपल्या घरात बसून परदेशातून आलेली मुलांची हातात धरायची गेमची यंत्रं उघडतो आणि त्यांत जुन्या काळचे गेम बसवून देतो.

लियानीचं यंत्र त्यानं तीन आठवडे टेबलावर नुसतंच ठेवलं होतं. आतलं पुसायचा धीर होत नव्हता. सात वर्षांच्या या पोरीची आई परदेशात, टँपाला गेलेली. तिथून तिनं ते पाठवलं होतं. इंग्रजी स्पेलिंगं शिकवणारं. पोरीला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सुरू केलं की पडद्यावर आधी आईनं लिहून ठेवलेली ओळ यायची: ‘उठलीस का गं, माझी चिमणी?’ यंत्र घरी होतं तोवर लियानी रोज सकाळी तेवढी ओळ वाचायची आणि यंत्र बंद करून ठेवायची.

"गेम घाल बाबा, पण ती ओळ गेली तर तुझ्या दारात पाय ठेवणार नाही," तिच्या आजीनं, ओनेलियानं, बजावलं होतं.

"मग कॉफीला साखर कुणाकडे मागशील?" तो म्हणाला खरा, पण त्याला हसू काही आलं नाही.

ओळ त्यानं जपून काढून नव्या यंत्रणेच्या सुरुवातीलाच बसवली होती. भीती होती ती लाईटची. जुनं पुसून नवं चढायला आठ मिनिटं लागत. मध्येच लाईट गेली किंवा विजेचा दाब पडला, की यंत्र कायमचं दगड. लॅपटॉपची बॅटरी तर कधीच मेलेली. मागच्या वर्षी असंच एक यंत्र त्याच्या हातून बिघडलं. त्या यंत्राच्या मालकाला तोंड दाखवायला नको म्हणून तो अजून लांबच्या गल्लीनं बाजारात जातो.

म्हणून त्यानं चाळभर फिरून हात जोडले. लाईट आली की आठ मिनिटं कुणी भाताचा विजेचा कुकर लावायचा नाही.

"माझा नवरा भुकेनं मरेल," शेजारची मिर्ता म्हणाली.

"वीस वर्षं मरतोच आहे तो," ओनेलिया म्हणाली. "आणखी आठ मिनिटं कळ काढेल."

दुपारी दोनला "लाईट आली!" असा चाळभर गलका झाला. एलिएसेरनं बटण दाबलं. लियानी शेजारी स्टुलावर बसली होती. एक मिनिट गेलं, दोन गेली. कुकर सगळे गप्प. चौथ्या मिनिटाला त्याची नजर दारातून मागच्या खोलीतल्या भिंतीवरच्या डबीवर गेली.

दाबाच्या चढउतारानं फ्रीज जळू नयेत म्हणून चाळीतल्या अकराही घरांना त्यानंच त्या डब्या करून दिल्या होत्या. लाईट आल्यावर बरोबर पाच मिनिटांनी डबी आपोआप फ्रीज सुरू करायची. अकराही एकदम! कुकरच्या नादात हे तो साफ विसरला होता.

"फ्रीज काढा! प्लग उपसा सगळे!" त्याचा आवाज चिरकला.

अंगणात एकच पळापळ झाली. दारं आपटली, खुर्च्या पडल्या. "काढला!" "माझाही!" मिर्ता, ओनेलिया, वरच्या मजल्यावरचे, एकेक जण ओरडत होता. एलिएसेर बोटांवर मोजत होता. दहा. अकरावा कुणाचा?

मागच्या खोलीत टक्‌ असा आवाज झाला. दिवा पिवळा पडला. अकरावा त्याचाच होता, आणि तो अजून बोटांकडेच बघत होता.

लियानीनं मात्र स्टुलावरून उडी टाकली होती. आतून ती ओरडली, "काढला, काका!" दिवा पुन्हा पांढरा झाला. लॅपटॉप तगला होता.

उरलेली तीन मिनिटं चाळीत सगळे उपसलेले प्लग हातात धरून उभे होते. मग यंत्राचा पडदा उजळला, आणि गेमच्या यादीआधी ओळ आली.

लियानीनं ती वाचली. दुपारचे दोन वाजून गेले होते. "उठले गं, आई," ती हळूच म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिनं यंत्र बंद केलं नाही.